नकाशावर वाळवणीची जागा

वर्सोवा कोळीवाडा. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेत, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. जागा मोकळी दिसते, पण पडीक नाही. मासळी सुकवायची ती इथेच, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ठरलेलं. मात्र अनेक कोळीवाड्यांत अशा जागेचा कागद कोळ्यांच्या नावावर नसतो.

१९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. पुढे १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ला अधिसूचना निघाली. तीच आपली ‘सीआरझेड’, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना. कांदळवनं, पुळणी, खाड्या यांना देशभर लागू होणारं संरक्षण मिळालं.

ते कागदावरच राहिलं असंही नाही. जानेवारी २०२०मध्ये केरळात मरडू इथली चार निवासी संकुलं सीआरझेडचे नियम मोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्फोटकं लावून पाडली गेली.

पण नियम सैलही होत गेले. २०११ची अधिसूचना आली, मग २०१९ची. ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला मनाई असलेला पट्टा २०० मीटरचा होता. दर चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त वस्ती असलेल्या भागात तो ५० मीटरवर आणायची मुभा मिळाली. समुद्राची पातळी वाढत असताना बांधकामं पाण्याच्या आणखी जवळ नेणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

आणि खरा घोळ नकाशात आहे.

हा सगळा कायदा चालतो किनारा व्यवस्थापन आराखड्यावर, म्हणजे किनाऱ्याच्या कुठल्या भागाला कुठला नियम हे दाखवणाऱ्या नकाशांवर. मासेमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवायचे ओटे आराखड्यात दाखवावेत, असं २०११च्या अधिसूचनेतच लिहिलंय. मात्र आराखड्याचं प्रमाण १:२५,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर २५० मीटर. वीस मीटर रुंदीचं वाळवणीचं अंगण त्यावर एक मिलिमीटरही भरत नाही. पेन्सिलीच्या एका रेघेखाली ते झाकलं जातं. उद्या तिथे रस्ता आला, तर इथे मासळी सुकवायची जागा होती हे दाखवायचं कुठे?

साधारण १:४०००च्या स्थानिक नकाशावर तेच अंगण पाच मिलिमीटर होतं. दिसतं, मोजता येतं. आराखड्याच्या मसुद्यावर जनसुनावणी लागते तेव्हा कोळीवाड्यांनी हाच नकाशा मागायला हवा. वाळवणीची जागा, होड्या ओढायची जागा, जाळी शिवायची जागा, सगळं त्यावर नावानिशी आखून घ्यायला हवं. आराखडा मंजूर होण्याआधी.