पहिला वॉर्ड आणि २०चा आकडा

(जनरल नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मॅडमनी विषय दिलाय, 'पहिली नोकरी कोणत्या विभागात घ्यावी'. वेळ ४० मिनिटं, त्यातली १० माइकने खाल्ली. मागचे तिघे ब्रदर, पुढे या बघू. पेशंटला उचलायला तुम्हालाच हाक मारतात, तर ऐकायलाही पुढेच बसा.

आयसीयू कुणाकुणाला हवंय? अर्धा हॉल. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर? बरं. मेडिसिन वॉर्ड? एकच हात. बाळ, खरंच हवाय, की पंखा वाढवायला सांगतेयस?

मलाही ओटीच हवी होती. कारण खरं सांगते, तिथे नातेवाईक नसतात! मिळाला मेल मेडिसिन. ४० खाटा, खालच्या गाद्या वेगळ्या. हॉस्टेलवर जाऊन रडले. बॅचमधली मैत्रीण आयसीयूत. ती मेसमध्ये व्हेंटिलेटरच्या गोष्टी सांगायची. मी कसल्या सांगणार, बेडपॅनच्या? तेही जेवताना?

आमच्या इन्चार्ज सिस्टर ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, टेबलाशी बसून घेत नसत. खाटेखाटेशी जायचं. चादर उचलायची, सलाईनच्या जागी सूज आलीय का बघायचं, युरोबॅगची, म्हणजे लघवीच्या पिशवीची, नळी मांडीखाली दबली नाही ना ते बघायचं. नाईट करून आमच्या पायांचे तुकडे पडलेले, आणि यांचं एकेक चादर उचलणं चाललेलं. मनात मी त्यांना काय काय म्हटलंय, ते मॅडमसमोर नको.

एका सकाळी त्यांनी टीपीआरचे, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे, चार्ट हातात घेतले. श्वासाच्या रकान्यात मी सगळ्यांना न मोजताच मिनिटाला २०, म्हणजे नॉर्मल, लिहिलं होतं. हसताय? म्हणजे अजून तसंच चालू आहे! दोघा-तिघांना १८ लिहायचं, म्हणजे संशय येत नाही, हेही ठाऊक असेल.

सिस्टर १७ नंबरच्या खाटेशी थांबल्या. सत्तरीचे आजोबा, दोन उशांना टेकून बसलेले. ताप नाही, बीपी ठीक. म्हणाल्या, "मनगट धर, नाडी बघतेयस असं वाटू दे. आणि श्वास मोज, पूर्ण मिनिट." कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. मी मोजले. ३४. मग दिसायला लागलं. मानेचे स्नायू ओढले जात होते, आजोबा अर्ध्या वाक्यात थांबत होते. पहाटे चारला ते असंच तुटक बोलले, तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा किरकिऱ्या आहे.

हाउसमन डॉक्टर आला, ऑक्सिजन लागला, एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. दुपारपर्यंत आजोबा आयसीयूत, माझ्या मैत्रिणीकडे. तिथून बरे होऊन घरी गेले, तेव्हा आमच्या वॉर्डात शेंगा ठेवून गेले. सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या २०वर मी सही केली असती."

तेव्हापासून माझं एकच पालुपद आहे, आमच्या घरातले सगळे कंटाळलेत: वॉर्ड बघू नका, तिथली ओव्हर बघा. आयसीयू म्हणजेच खरं नर्सिंग, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आणि 'आधी दोन वर्षं जनरल वॉर्ड केलाच पाहिजे' म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या सिस्टरांचाही येतो. तुमचा आकडा तपासणारं माणूस जिथे आहे, ती पहिली जागा. मग ते आयसीयू असो नाहीतर पीएनसी, म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड.

मॅडम घड्याळ दाखवतायत. खरा विषय आता पळवते.

आयसीयू: नर्सिंग कौन्सिलच्या निकषात एका पेशंटला एक नर्स आहे. मुलाखतीत विचारा, नाईटला प्रत्यक्षात किती असतात, आणि सीनियरबरोबर किती आठवडे ठेवणार. 'लगेच शिकाल' म्हणाले, तर उठा. लेबर रूम: पार्टोग्राफ, म्हणजे कळा चालू असताना भरत जायचा तक्ता, प्रसूतीनंतर बसून भरतात का, ते इंटर्नशिपमध्येच पाहून घ्या. एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचं आयसीयू: औषधाचा हिशेब ०.१ मिलीचा, गणिताची भीती असेल तर आधी ती घालवा. ओटी: शिस्त उत्तम, गॉज मोजून मोजून हात बसतो, पण शुद्धीवरच्या माणसाशी बोलण्याचा सराव जातो, हे माझ्यासारख्या पळपुट्यांनी लक्षात ठेवावं. डायलिसिस: बऱ्याच ठिकाणी नाईट नसते, म्हणून आईवडिलांना आवडतं. पहिल्याच वर्षी मी तरी घेणार नाही. कॅज्युअल्टी: वॉर्डबॉय-आया, म्हणजे आपल्या मामा-मावशींशी पटवून घेता येत असेल तर जरूर.

परदेशात जायचंय त्यांना बहुतेक ठिकाणी एकाच विभागातला सलग अनुभव विचारतात, तेव्हा सहा-सहा महिन्यांनी उड्या नकोत. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका. एका ठिकाणी माझी दीड वर्ष कपाटात होती. ती गोष्ट मोठी आहे, चहाच्या वेळी विचारा.

एक राहिलंच. आज मॉर्निंगला ज्यांनी २० लिहून दिलंय, त्यांनी हात वर करू नका. मॅडम इथेच बसल्यात.