हिंडलग्याची भिंत

श्रोते हो, नमस्कार. फाशीचा वचक जास्त की जन्मठेपेचा, असा आजचा विषय. कायद्याचं नंतर बघू, आधी बेळगावजवळ वेंगुर्ला रोडकडच्या एका शेतात चला.

रताळ्याची काढणी चाललेली. रताळं निखाऱ्यात भाजावं, कुकरात घालून त्याचा चिखल करू नये, हे जाता जाता सांगतो. तर त्या बांधावरून हिंडलगा जेलची भिंत दिसते. भिंतीआड फाशीची जागा आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोर ऐकेना की आया तिकडंच बोट दाखवायच्या.

त्याच बांधावर दोन चुलतभाऊ भांडले. वीतभर बांध कोरला म्हणून. मोजणीचा अर्ज दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर पडून. थोरल्यानं फावडं उचललं, धाकटा जागीच गेला. पोलीस येईपर्यंत थोरला तिथंच बसला होता, नखातली माती काढत.

जन्मठेप भोगून म्हातारा होऊन परतला. मी एकदा विचारलं, "मामा, जेल समोर होतं की. फास आठवला नाही?"

"नाही बघ. मला बांध तेवढा दिसूलता."

ऐकलंत? बांध तेवढा दिसत होता. भिंत समोर असून दिसली नाही.

रागातला माणूस शिक्षा मोजत नाही. आणि थंड डोक्यानं मारणारा? तो सापडणारच नाही असं धरून चालतो. भीती असते ती सापडण्याची.

आता कायदा, थोडक्यात. सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी फक्त विरळातल्या विरळ खटल्यात. सरकारला कायद्याचा सल्ला देणाऱ्या विधी आयोगानं १९६७ साली फाशी ठेवा म्हटलं, २०१५ साली दहशतवाद सोडून काढा म्हटलं. जन्मठेपेहून तिचा वचक जास्त, असा पुरावा नाही म्हणून. कॅनडानं १९७६ साली फाशी काढली, खून वाढले नाहीत. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे हो, मरेपर्यंत. खुनाच्या जन्मठेपेत सुटकेचा विचारच चौदा वर्षांनंतर. कट्ट्यावर हे कुणाला पटत नाही, टीव्हीवाल्यांना तर नाहीच.

मामांचं राहिलंच. ते जेलात असताना मोजणीवाले आले होते. साखळी टाकली, दगड तपासले. बांध होता तिथंच होता, वीतभरही हललेला नव्हता. आत जाऊन हे त्यांना कुणी सांगितलं नाही. परत आल्यावर शेतात गेले तेव्हा कळलं.

नमस्कार.