बीजिंगच्या गल्लीतला एक फोटो: तिथं राहणारा अमेरिकन तो काढतो कसा आणि ब्लॉगवर टाकतो कसा

(पडद्यावर: अरुंद गल्ली, राखाडी विटांची भिंत, एलईडी दिव्याखाली वाफाळणारा तवा)

नमस्कार मंडळी. आज एकच फोटो घेऊन बोलायचं आहे. जानेवारीची सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. बीजिंगच्या जुन्या शहरातली हुथोंग, म्हणजे अरुंद गल्ली. एका गाड्यावर गोल लोखंडी तवा आहे आणि एक बाई त्यावर पीठ पसरतेय. असा फोटो तिथं राहणारा अमेरिकन माणूस रोज काढू शकतो. पण तो ब्लॉगवर जाईपर्यंत मध्ये पोलीस चौकी येते, बँक येते, विजेची फ्रिक्वेन्सी येते, नकाशा येतो. त्याच क्रमानं जाऊया.

आधी कागद. नोकरीसाठी चीनमध्ये जाणाऱ्याला झेड व्हिसा मिळतो. हा फक्त आत शिरण्यापुरता असतो. देशात पाऊल ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याच्याही आधी एक काम: राहत्या पत्त्याची पोलिसांकडे नोंद, २४ तासांच्या आत. हॉटेलात उतरलात तर हॉटेल ती नोंद करतं. भाड्याच्या घरात मात्र ती जबाबदारी तुमची. पासपोर्ट, भाडेकरार, घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि घराच्या मालकीच्या कागदाची प्रत घेऊन भागातल्या पोलीस चौकीत जायचं. बऱ्याच शहरांत आता हे मोबाईलवरूनही होतं. नोंद केली नाही तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

चूक बहुधा पहिल्या नोंदीत होत नाही, ती तर सगळे धावतपळत करतात. चूक होते नंतर. घर बदललं, पासपोर्ट नवा आला, परवान्याचं नूतनीकरण झालं की नोंद पुन्हा करायची असते, आणि तेच राहून जातं. मग पुढच्या परवान्याच्या वेळी खिडकीवर त्या नोंदीची चिठ्ठी मागतात आणि सगळं अडतं. घर घेताना घरमालकाकडून त्या दोन प्रती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भाड्याची रीत बहुतेक ठिकाणी ‘एक अनामत, तीन भाडी’ अशी असते, म्हणजे पहिल्याच दिवशी चार महिन्यांची रक्कम जाते. ती गेल्यावर कागद मागणं जड जातं.

ब्लॉग लिहिणाऱ्यानं आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कामाचा परवाना ज्या नोकरीसाठी दिलाय, त्याच नोकरीसाठी चालतो. ब्लॉगवर कुणा हॉटेलची पैसे घेऊन जाहिरात केली, तर ते परवान्याबाहेरचं काम धरलं जाऊ शकतं. बेकायदा कामाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही. बातमीदारीसाठी ‘J’ अक्षराचा व्हिसा वेगळाच असतो. स्वतःच्या रोजच्या जगण्याबद्दल विनामोबदला लिहिणं ही या सगळ्यापासून निराळी गोष्ट आहे, आणि ब्लॉग तिथंच ठेवलेला बरा.

(पडद्यावर: तीन चौकोन. बँक, सिम कार्ड, पैसे देण्याचं ॲप)

आता नाव. हे फार छोटं वाटतं, पण यात दिवसच्या दिवस जातात. अमेरिकन पासपोर्टवर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. बँकेतल्या माणसानं आधी आडनाव टाकलं, सिम कार्डवाल्यानं मधलं नाव गाळलं, ॲपमध्ये तिसराच क्रम पडला. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसं, म्हणून पडताळणी होतच नाही. उपाय एकच: पहिल्या दिवशी बँकेत नाव जसं छापलंय, मोकळ्या जागांसकट, त्याचा फोटो काढून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तोच दाखवायचा. मोबाईल दुकानात तर क्रम टाईप होत असतानाच पडद्याकडे बघावं.

बँक खातं उघडेपर्यंत परदेशी कार्डावर काम भागतं. अलीपे आणि वीचॅट या पैसे देण्याच्या चिनी ॲपना अमेरिकन क्रेडिट कार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर साधारण ३ टक्के. गाड्यावरचा नाश्ता आठ-दहा युआनचा, त्यामुळे तिथं काळजी नाही.

हा नाश्ता म्हणजे च्येनपिंग. आपल्या धिरड्याचा चुलतभाऊच म्हणा. मुगाचं किंवा मिश्र धान्याचं पातळ पीठ एक पळी तव्यावर ओततात आणि इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या लाकडी पट्टीनं एका फेरीत कडेपर्यंत पसरतात. वर अंडं फोडून त्याच पट्टीनं फिरवतात. पातीचा कांदा, कोथिंबीर, तीळ. उलटवून गोडसर दाट सॉस आणि तिखट. मध्ये कुरकुरीत तळलेली पापडी, मग घडी. दोन मिनिटांचा खेळ. फोटोचा क्षण पट्टी फिरते तोच, कारण वाफ तेव्हा सगळ्यात जास्त उठते आणि हात तव्याच्या मधोमध असतो. पट्टी उचलली की क्षण गेला, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं.

आणि इथं अमेरिकेहून आणलेला कॅमेरा दगा देतो. जानेवारीत बीजिंगला सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो. सात-दहाला गाड्यावर उजेड असतो तो एलईडी दिव्याचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, चीनमध्ये आपल्यासारखी ५०. स्वस्त एलईडी ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. अमेरिकेतल्या सवयीनं शटर १/१२५ सेकंदावर ठेवलं तर एका फोटोत बाईचा चेहरा उजळ, दुसऱ्यात काळपट. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फोटोभर आडवे पट्टे. म्हणून शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, कॅमेऱ्यातली फ्लिकरची, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्याची, सेटिंग ५० हर्ट्झवर आणा, आणि यांत्रिक शटर वापरा. १/१०० ला पट्टीचं टोक किंचित हलतं, चेहरा स्थिर राहतो. या फोटोला ते शोभतं. लेन्सचं छिद्र एफ २, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६००, इथून सुरुवात करून बघा.

चार्जरवर ‘१००–२४०’ व्होल्ट छापलेलं आहे का तेही बघा. फक्त ११०–१२० लिहिलेली वस्तू २२० च्या प्लगात घातली की संपलीच.

थंडीचं एक. बाहेर शून्याखाली पाच-सात अंश, घरात वीसच्या पुढे. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च इमारतींना मध्यवर्ती ऊब असते. थंड कॅमेरा थेट घरात नेला की लेन्सवर आणि आतही दव धरतं. गल्लीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, घरात तासभर पिशवी उघडू नका. मेमरी कार्ड पिशवीत घालण्याआधी काढून घ्या, म्हणजे थांबण्याची चिडचिड होत नाही. शांघायला उलटा त्रास: जून-जुलैची पावसाळी दमट हवा, लेन्सला बुरशी. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको. हवाबंद ड्राय कॅबिनेट घेऊन आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा.

फिल्मवर काढणारेही तिथं बरेच आहेत. लकी ही चिनी फिल्म हेबेई प्रांतातल्या बाओडिंगची. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या थांग तालुक्यात काम करत होते, तो याच बाओडिंगच्या हद्दीत येतो. फिल्मवाल्यांचा खरा शत्रू मेट्रो. बीजिंग मेट्रोत २००८ पासून प्रत्येक पिशवी एक्स-रे यंत्रातून जाते. जाता-येता दोन वेळा, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे चव्वेचाळीस फेऱ्या. एका फेरीनं काही होत नाही, पण परिणाम साठत जातो: सावल्या करड्या होतात, कण वाढतात, आणि आयएसओ ८०० ला ते लवकर दिसतं. फिल्म पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून ‘शौ च्येन’, म्हणजे हातानं तपासा, अशी विनंती करा. त्याहून सोपं म्हणजे न धुतलेली फिल्म पिशवीत घेऊन हिंडूच नका. विमानतळावर नव्या सीटी यंत्रातून ती एकदाही जाऊ देऊ नका.

(पडद्यावर: तोच फोटो, तीन जागा लाल वर्तुळात)

आता त्या बाईंची परवानगी. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या चिनी नागरी संहितेत माणसाला स्वतःच्या चेहऱ्यावर हक्क आहे. सार्वजनिक जागेचं दृश्य दाखवताना चेहरा अपरिहार्यपणे आला तर सूट आहे, पण एकाच माणसावर रोखलेला फोटो त्यात बसवणं कठीण. विचारा: ‘ख-यी फाय मा?’ काढू का? ‘फाय’ मधला फ दोन्ही ओठ मिटून, आपल्या ‘फळ’ सारखा काढायचा. आधी नाश्ता घ्या, पैसे द्या, मग विचारा. चेहरा नको म्हटलं तर हात आणि तवा काढा. खरं सांगायचं तर या फोटोत हातच जास्त बोलतात.

मग फोटो मोठा करून कोपरे तपासा. गाड्यावर लटकलेला क्यूआर कोड त्या बाईंच्या खात्यात पैसे घेणारा आहे, तो धूसर करा. कुरिअरच्या खोक्यावरच्या चिठ्ठीत नाव, फोन आणि घराचा पत्ता असतो. मागे गणवेशातले सशस्त्र पोलीस उभे असतील तर कोन बदला. वकिलातींच्या भागात ते प्रत्येक फाटकावर असतात, आणि पहारा किंवा लष्करी आवार टिपलं तर फोटो तिथंच पुसायला लावतात. वाद घालू नये. ड्रोनचा विचार तर गल्लीत करूच नका: प्रत्येक ड्रोनला खऱ्या नावानं नोंदणी लागते आणि बीजिंग शहरात उडवायला बंदीच आहे.

नकाशाची गंमत अशी की कॅमेरा बरोबर असतो आणि तरी खूण चुकते. कॅमेऱ्याचा जीपीएस जगभर चालणाऱ्या पद्धतीनं आकडे नोंदवतो. चीनमधले अधिकृत नकाशे मात्र मुद्दाम सरकवलेल्या पद्धतीवर काढलेले असतात, आणि हे सरकणं जागोजागी वेगळं. तिथं त्याला ‘मंगळावरचे आकडे’ म्हणतात. कॅमेऱ्याचे आकडे थेट चिनी नकाशात टाकले की गाडा काहीशे मीटर सरकून भलत्याच इमारतीत किंवा तळ्यात जातो. बायडू या चिनी कंपनीचा नकाशा त्यावर आणखी एक सरक देतो. गूगलच्या नकाशात उपग्रहचित्र आणि रस्त्यांच्या रेषाही म्हणूनच जुळत नाहीत. तेव्हा मूळ आकडे आपल्या फाईलमध्ये जपा, ब्लॉगवरच्या प्रतीतून काढून टाका, आणि जागा शब्दांत लिहा.

आता फोटो ब्लॉगवर चढवण्याकडे येऊ. फेसबुक आणि यूट्यूब चीनमध्ये २००९ पासून, इन्स्टाग्राम २०१४ पासून बंद आहे. परवाना नसलेलं व्हीपीएन, म्हणजे अडवलेल्या साइट आडमार्गानं उघडून देणारी सोय, वापरणं बेकायदा आहे, आणि नेमक्या महत्त्वाच्या दिवसांत तेही ठप्प होतं. अमेरिकन सिमवर रोमिंग घेतलं तर डेटा मायदेशाच्या नेटवर्कमधून फिरून येतो, म्हणून या साइट उघडतात. ते महाग पडतं, पण एका फोटोपुरतं परवडतं. ब्लॉगचा सर्व्हर चीनमध्ये ठेवायचा तर सरकारी नोंदणी करून तिचा क्रमांक पानाच्या तळाशी छापावा लागतो. बहुतेक परदेशी लोक म्हणूनच सर्व्हर बाहेर ठेवतात.

पण मग चीनमधल्या शेजाऱ्याला पान उघडतं का? पानात यूट्यूबची खिडकी किंवा इन्स्टाग्रामचं बटण असेल तर ते त्याची वाट बघत लटकू शकतं. ते सगळं काढा, चित्रं स्वतःच्या डोमेनवर ठेवा. लांब बाजू १,६०० पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ८०, फाईल अर्ध्या एमबीच्या आत. चिनी वाचकांसाठी तोच फोटो शाओहोंगशू या चिनी सोशल मीडिया ॲपवर टाका. जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉकवर बंदी येणार म्हणून अमेरिकन लोक झुंडीनं तिथं गेले होते. तिथं उभा, तीनास चार असा फोटो चालतो.

तारखेचंही बघून घ्या. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ न्यूयॉर्कचं राहिलं असेल तर हिवाळ्यात ते तेरा तास मागे असतं. मंगळवारी सकाळी सात-दहाचा फोटो सोमवारी संध्याकाळी सहा-दहाचा ठरतो.

एवढं तारीख-जागेचं का लावून धरायचं, तर सिडनी गॅम्बल यांच्यामुळे. सिनसिनाटीचे हे अमेरिकन समाज-अभ्यासक १९०८ ते १९३२ च्या दरम्यान चार वेळा चीनमध्ये गेले, आणि त्यांनी पाच हजारांहून जास्त फोटो काढले. त्यांच्या निगेटिव्ह १९८४ मध्ये त्यांच्या मुलीला घरातल्या कपाटात सापडल्या. प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, पाकिटावर टाईप केलेली किंवा हातानं लिहिलेली नोंद. आज ड्यूक विद्यापीठाच्या संग्रहात ते फोटो जागेनुसार शोधता येतात, ते या नोंदींमुळे. आणि बीजिंगच्या गल्ल्या तर फार लवकर बदलतात. २०१७ मध्ये हुथोंगमधल्या शेकडो दुकानांच्या खिडक्या-दारं विटांनी बुजवली गेली. कुठल्या भिंतीत कसलं दुकान होतं हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांचेच फोटो आता कामाला येतात. भिंतीवर वर्तुळात ‘छाय’, म्हणजे ‘पाडा’, हे अक्षर रंगवलेलं दिसलं तर तेही नोंदीत घ्या.

आपल्या फोटोखाली मग असं लिहायचं:

(पडद्यावर: फोटो, खाली ओळी)

मंगळवार, १४ जानेवारी २०२५, सकाळी ७.१०. बीजिंग, शीचंग जिल्हा, पांढऱ्या स्तूपाच्या मंदिरामागची गल्ली, तोंड पूर्वेला. च्येनपिंगचा गाडा, एक अंडं घालून ८ युआन. मागची विटांची चौकट पूर्वी खिडकी होती. विटा भिंतीपेक्षा फिक्या आहेत. गाडेवाल्या बाईंची परवानगी घेऊन काढला, चेहरा त्यांच्या सांगण्यावरून घेतलेला नाही.