मतदानाआधीचा कागद

[दृश्य: सिनेटरच्या कार्यालयातलं टेबल. त्यावर न उघडलेला अहवाल.]

मार्च १९७१. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या प्रकल्पाला सरकारी पैसा द्यायचा की नाही, यावर अमेरिकन सिनेटमध्ये मतदान झालं आणि प्रस्ताव पडला. त्यानंतर अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या थिंक टँकचा (धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेचा) त्याच विषयावरचा अभ्यास कार्यालयांत पोहोचला. अभ्यास चांगला होता. उशीर का झाला, असं विचारल्यावर संस्थेकडून उत्तर मिळालं की निकालावर प्रभाव टाकायची आमची इच्छा नव्हती.

पॉल वेरिक आणि एडविन फ्युलनर हे दोघे तेव्हा लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत सहायक होते. या उत्तरातून त्यांना नव्या संस्थेची कल्पना सुचली. बिअर उद्योजक जोसेफ कूर्स यांनी अडीच लाख डॉलर दिले आणि १९७३ मध्ये हेरिटेज फाउंडेशन उभं राहिलं. तिथला नियम सोपा होता. कागद एवढा आटोपशीर हवा की विमानतळावरून टॅक्सीने संसदेत पोहोचेपर्यंत खासदाराचा तो वाचून व्हावा. आणि तो मतदानाच्या आधी हातात पडायला हवा.

राजकारणातला पैसा म्हटलं की आपल्याला प्रचारसभा आणि जाहिराती आठवतात. तो पैसा मोठा आहेच. पण धोरण घडतं ते बरंच आधी. अधिकाऱ्यासमोर कोरा कागद असतो आणि कुणाकडे तरी मसुदा तयार असतो, त्या वेळी. रोनाल्ड रेगन १९८१ च्या जानेवारीत सत्तेवर आले, तेव्हा हेरिटेजचा सुमारे ११०० पानांचा ग्रंथ तयार होता. खात्यागणिक शिफारशी, एकूण दोन हजारांच्या आसपास. रेगन यांनी पहिल्याच बैठकीत मंत्र्यांना त्याच्या प्रती दिल्या. २०२३ मध्ये याच परंपरेतून ‘प्रोजेक्ट २०२५’ हा पुढच्या सरकारसाठीचा आराखडा आला. नऊशेहून अधिक पानं, शिवाय नेमणुकांसाठी माणसांची यादी आणि त्यांचं प्रशिक्षण. कागदाबरोबर तो राबवणारी माणसंही तयार ठेवायची, ही त्यातली खरी ताकद.

[दृश्य: तीन काचेच्या बरण्या. प्रत्येकीत वेगळ्या उंचीपर्यंत पाणी.]

हा पैसा ज्या भांड्यांतून वाहतो, ती नीट ओळखून घेऊ.

पहिलं भांडं सी-थ्री, म्हणजे करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खालची धर्मादाय संस्था. हेरिटेज, ब्रुकिंग्ज, केटो, सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस, सगळ्या यातच. इथे दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. वरच्या करदरातल्या माणसाला १०० डॉलरमागे साधारण ३५ डॉलरचा कर वाचतो. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार सरकारी तिजोरी उचलते. त्या बदल्यात उमेदवाराच्या प्रचाराला पूर्ण बंदी आहे. लॉबिंगला, म्हणजे कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात खासदारांचं मन वळवण्याला, मर्यादा आहे, आणि संस्थेने ठरावीक अर्ज भरला तर ती आकड्यांत मोजली जाते. पहिल्या पाच लाख डॉलर खर्चावर २० टक्के, पुढच्या पाच लाखांवर १५, त्यापुढच्या पाच लाखांवर १०, उरलेल्यावर ५. कमाल मर्यादा दहा लाख. संस्थेचा खर्च एक कोटी सत्तर लाख डॉलरवर गेला की ही मर्यादा गाठली जाते. मग खर्च कितीही वाढो, आकडा तोच.

एवढ्या कमी पैशात एवढा प्रभाव कसा, हा प्रश्न इथे पडायला हवा. उत्तर व्याख्येत आहे. दोन्ही बाजू मांडणारा अभ्यास लॉबिंग धरला जात नाही, त्याचा निष्कर्ष एका बाजूला झुकलेला असला तरीही. संसदीय समितीने लेखी बोलावलं आणि जाऊन साक्ष दिली, तर तीही नाही. म्हणून ते निमंत्रणपत्र फाइलला लावून ठेवतात. सरकारी खात्याच्या नियमावलीवर हरकती पाठवणं नाही, न्यायालयात बाजू मांडणंही नाही. आणि अमेरिकेत पर्यावरण, औषधं, बँका यांचे बारीकसारीक निर्णय कायद्यापेक्षा नियमावलीतच जास्त होतात.

दुसरं भांडं सी-फोर, त्याच कलमाखालची समाजकल्याण संस्था. देणगीवर करसवलत नाही. पण लॉबिंग हवं तेवढं करा. निवडणुकीतही उतरा, फक्त ते मुख्य काम असता कामा नये. देणगीदाराचं नाव जाहीर करावं लागत नाही. थिंक टँक बहुधा अशी जोडसंस्था काढतात. हेरिटेजने २०१० मध्ये हेरिटेज ॲक्शन काढली. अभ्यास एका दारातून बाहेर पडतो, खासदारावरचा दबाव शेजारच्या दारातून.

तिसरं सुपर पॅक, निवडणुकीत खर्च करणारी समिती. २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर आलेलं. अमर्याद खर्च, पण देणगीदाराचं नाव जाहीर. मात्र देणगीदाराच्या रकान्यात एखाद्या सी-फोरचं नाव असेल, तर शोध तिथेच थांबतो.

[दृश्य: टेबलाखालची सर्ज प्रोटेक्टरची पट्टी. लाल दिवा.]

ही पट्टी वीज अचानक वाढली तर संगणक जळू देत नाही. शिकागोची ट्रिप लाइट कंपनी अशा वस्तू बनवायची. तिचे मालक बॅरी साइड. मार्च २०२१ मध्ये ईटन कंपनीने ट्रिप लाइट १.६५ अब्ज डॉलरना विकत घेतली. पण तेव्हा शेअर साइड यांच्याकडे नव्हतेच. विक्रीआधीच त्यांनी ते मार्बल फ्रीडम ट्रस्ट या सी-फोर संस्थेला देऊन टाकले होते. या ट्रस्टचे प्रमुख लेनर्ड लिओ. सुप्रीम कोर्टात पुराणमतवादी न्यायाधीश आणण्याच्या कामात त्यांचं नाव सर्वांत पुढे.

इथे क्रमच सगळं ठरवतो. आधी विक्री आणि मग दान केलं असतं, तर नफ्यावर २३.८ टक्के केंद्रीय कर, वर राज्याचा वेगळा. आधी दान आणि मग विक्री झाली, म्हणून विकणारी संस्थाच करमुक्त. करतज्ज्ञांच्या अंदाजाने ४० कोटी डॉलरपर्यंत कर वाचला. आणि एवढ्या मोठ्या दानावरचा ४० टक्के दानकर? सी-फोरला दिलेल्या दानाला तो लागू आहे की नाही, हे पूर्वी धूसर होतं. २०११ मध्ये कर खात्याने पाच देणगीदारांची तपासणी सुरू केली आणि काही महिन्यांतच थांबवली. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने सूट पक्की केली.

तेच कलम दुसऱ्या बाजूलाही कामी आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅटागोनिया कंपनीचे ९८ टक्के शेअर, मतदानाचा हक्क नसलेले, इवॉन शुनार्ड यांच्या कुटुंबाने पर्यावरणासाठी काम करणाऱ्या सी-फोरला दिले. उरलेले दोन टक्के एका ट्रस्टला गेले, आणि दानकर लागला तो फक्त त्यांवर. उद्देश कुणाला पटेल, कुणाला नाही. सरकारचा बुडालेला महसूल दोन्हीकडे खराच.

खासगी फाउंडेशनचा मार्ग वेगळा. त्यांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के खर्च करावेच लागतात आणि लॉबिंगवर खर्च केला तर दंडाचा कर बसतो. पण मसुदा लिहायला मदत करता येते. २००९ मध्ये ओबामा सरकारने शाळांसाठी राज्याराज्यांत ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा जाहीर केली. गुणपत्रिका ५०० ची, त्यात राज्यांनी मिळून सामाईक अभ्यासमानकं तयार करून स्वीकारण्याला ४० गुण. गेट्स फाउंडेशनने या मानकांच्या मसुद्याला पैसा दिला होता. अर्ज लिहिणारे सल्लागार नेमायला निवडक १५ राज्यांना प्रत्येकी अडीच लाख डॉलरपर्यंत मदतही दिली. टीका झाल्यावर ती इतरांनाही खुली झाली. केंटकी राज्याने तर मानकं अंतिम होण्याआधीच स्वीकारली.

याच काळात गेट्स फाउंडेशनने शिक्षकांच्या मूल्यमापनाचा मोठा प्रयोग केला. एकूण खर्च ५७.५ कोटी डॉलर, त्यातला बराचसा शाळांचा आणि करदात्यांचा. २०१८ मध्ये रँड संस्थेचं मूल्यमापन आलं. मुलांच्या निकालांत ठोस सुधारणा नाही. वर्गात बसून निरीक्षण करायला मुख्याध्यापकांना वेळ मिळत नव्हता आणि जवळजवळ सगळेच शिक्षक समाधानकारक ठरत होते. कल्पना चुकली तर फाउंडेशन पुढच्या कल्पनेकडे वळू शकतं. वर्गातल्या मुलाची ती वर्षं मात्र परत येत नाहीत, आणि त्याच्या आईवडिलांनी या योजनेला कधी मत दिलेलं नव्हतं.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर फॉर्म ९९०. बोट एकेका परिशिष्टावर.]

माग काढायचा तर साधन हे: फॉर्म ९९०, करमुक्त संस्थांनी दरवर्षी कर खात्याला भरायचं विवरणपत्र. परिशिष्ट सी मध्ये लॉबिंगचा खर्च. परिशिष्ट आय मध्ये कुणाला किती दिले. परिशिष्ट आर मध्ये जोडसंस्था. एका संस्थेच्या परिशिष्ट आयमधलं नाव घ्यायचं, त्या संस्थेचा फॉर्म उघडायचा, पुन्हा परिशिष्ट आय. मार्बल ट्रस्टच्या कागदांत असे चार कोटींहून अधिक डॉलर डोनर्सट्रस्टकडे गेलेले दिसतात. हा देणगीदारांच्या सूचनेनुसार वाटप करणारा निधी आहे. तिथून पुढे कुठलं अनुदान कोणाच्या पैशातून गेलं, हे कागदावर दिसत नाही.

फॉर्म संस्थेकडेही मागता येतो. प्रत्यक्ष गेलात तर त्याच दिवशी, लेखी मागितलात तर ३० दिवसांत द्यावा लागतो. तारीख मात्र लक्षात ठेवा. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या संस्थेला १५ मेपर्यंत मुदत, अर्ज केला की आणखी सहा महिने. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत झालेला खर्च १५ नोव्हेंबर २०२५ ला दाखल झाला, तरी तो वेळेतच.

आणि परिशिष्ट बी, देणगीदारांचं. सी-फोर संस्थांना २०२० पासून कर खात्यालाही नावं कळवावी लागत नाहीत. त्या पानावर अनुक्रमांक असतो, रक्कम असते. नावाची जागा रिकामी.