ठराव वाचून दाखवा म्हणा

नमस्कार मंडळी. मी ग्रामसेवक म्हणून नोकरी करून रिटायर झालेला माणूस. आता तर त्या पदाचं नावही राहिलं नाही, 2024 ला सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असं नाव केलंय. असो. आज विषय दिलाय, लोकशाही आणि समतेसाठी साध्या माणसाने रोजच्या जगण्यात काय करावं. विषय मोठा आहे आणि मला भाषण काही जमत नाही, त्यामुळे मी जे आयुष्यभर केलं त्याच्याबद्दलच बोलतो, म्हणजे प्रोसिडिंगची वही, सभेत काय ठरलं ते ज्यात लिहितात ती. माझं म्हणणं एवढंच की गावाचा कारभार त्या वहीत ठरतो, आणि ती लिहिली जाताना तुम्ही समोर बसलेले असता का घरी असता, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बरेच जण म्हणतात आम्ही कुठं मेंबर आहोत, आमचं कोण ऐकणार. अहो, गावच्या मतदार यादीत तुमचं नाव आहे ना, मग तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहातच, त्यासाठी निवडून यावं लागत नाही की कुणाच्या पाया पडावं लागत नाही. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा आहे. आपल्याकडे वर्षाला कमीत कमी चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर याच्या आगेमागे. सात दिवस आधी नोटीस लागते. नोटीस लागते म्हणजे कुठं लागते तेही बघा हं, कधी कधी ती ऑफिसच्या आतल्या फळ्यावर लागते आणि ऑफिसला कुलूप असतं, कागदोपत्री मात्र नोटीस प्रसिद्ध झाली.

आणि कोरमचं, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीचं ऐका, कारण खरी गंमत तिथं आहे. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे गावात 400 मतदार असतील तर 60 माणसं पुरतात आणि 2000 असतील तर 100. एवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि नंतर जी तहकूब सभा भरते तिला कोरमच लागत नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याला ठराविक दहा लोकांत कारभार उरकायचाय त्याला तुम्ही घरी बसलेलेच बरे ना? पहिल्या सभेला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, माणसं पांगली, "कोरमअभावी सभा तहकूब" अशी एक ओळ लिहिली की झालं. पुढच्या सभेला चहाच्या टपरीवरची चार डोकी आणि मेंबरचे दोन पाहुणे, आणि मग गावचा वर्षाचा आराखडा "सर्वानुमते मंजूर". कायद्याने बघायला गेलं तर सगळं बरोबर आहे! म्हणून मी म्हणतो पहिली सभा चुकवू नका, दुसरीचं नंतर बघू.

बरं, गेलात सभेला. तिथं काय होतं माहितीये, माणूस उठतो, तावातावाने बोलतो, आमच्या आळीत पाणी येत नाही, लाईट नाही, टाळ्या पडतात, सरपंच मान हलवतात, आणि वहीत काय येतं, तर "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली." संपला विषय. चर्चा झाली म्हणजे काही झालं नाही असं समजा. वहीत विषय नंबर पाहिजे, ठराव नंबर पाहिजे, काय करायचं, कुठल्या निधीतून करायचं ते पाहिजे, आणि खाली सूचक कोण, अनुमोदक कोण त्यांची नावं पाहिजेत. हे सगळं लिहून झालं की उठून सांगायचं, ठराव वाचून दाखवा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नुसतं वाचून दाखवा म्हणायचं. आणि हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना तारीख आणि वर काय लिहिलंय ते बघून करा. शिपाई नंतर घरोघरी फिरून सही द्या म्हणतो तेव्हा तर आधी बघाच, तुम्ही सही कशावर करताय.

सगळ्यात पक्कं काम म्हणजे सभेच्या आधीच लेखी अर्ज द्यायचा, दोन प्रती करायच्या, एक त्यांना आणि दुसरीवर पोच, म्हणजे सही, शिक्का, तारीख आणि आवक नंबर. पोच मागितली की काही जणांना राग येतो, विश्वास नाही का म्हणतात. विश्वास आहे हो, तरी पोच द्या.

आता बायांबद्दल बोलतो, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2011 पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. खुर्चीवर ताई बसलेल्या असतात आणि शेजारच्या खुर्चीवर ताईंचे मिस्टर, आणि बोलतात कोण, मिस्टर. गावही त्यांनाच सरपंच म्हणून हाक मारतं. इथं करण्यासारखी एकदम साधी गोष्ट आहे, पुढच्या वेळी दाखला घ्यायला किंवा तक्रार घेऊन जाल तेव्हा मिस्टरांशी नाही, सरपंचताईंशी बोला. मिस्टर मध्ये बोलले तरी बघायचं ताईंकडेच. कायदा काही बदलावा लागत नाही याला.

आणि महिलांची वेगळी ग्रामसभा असते हे किती जणींना माहितीये? नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभासदांची सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती नुसती वहीतच होते, आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या दोघीतिघी यांच्या सह्या घेतल्या की सभा झाली. ती खरोखर भरवा म्हणून मागणी करा, कारण जे विषय मोठ्या सभेत पुरुषांसमोर निघत नाहीत ते तिथं निघतात. संडासाला दार नाही, बस वेळेवर नाही म्हणून मुलीची शाळा सुटली, दारू. असे विषय.

दारूचं निघालंच आहे तर सांगतो. 2008 च्या आदेशाने गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं असेल तर 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पण बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या. आता बघा, यादीत वारलेल्या आजींची नावं तशीच, लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं तशीच, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची तशीच. म्हणजे जी बाई या जगातच नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारखी झाली की नाही? म्हणून मतदार यादी साफ ठेवणं हे काही निवडणुकीच्या आधीचं काम नाही. नवीन नावाला फॉर्म 6, नाव कमी करायला फॉर्म 7, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला फॉर्म 8. बीएलओकडे, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्या नाहीतर ऑनलाईन भरा, काही अडलं तर 1950 नंबर आहे. पोरंपोरी अठरा वर्षांची झाली की पूर्वी 1 जानेवारीची वाट बघावी लागायची, आता वर्षात चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. घरात सून आली की तिचं नाव रेशनकार्डावर आधी घालतो आपण, मतदार यादीत कधी घालतो सांगा बरं?

एका गावाचं नाव घेतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ही प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हे करावं. म्हणजे एका गावच्या वहीतली ओळ मंत्रालयात गेली आणि तिथून सगळ्या गावांना आली. एरवी कागद नेहमी वरून खाली येतो, हा खालून वर गेला.

पण इथं मला एक खोडा घालायचाय, माझ्याच बोलण्यात. वहीत आलं म्हणजे झालं असं नसतं. महाडचं सगळ्यांना माहितीच आहे, तरी क्रम नीट बघा. 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. 1924 ला महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. झालं की, दोन दोन ठराव! आणि महाडच्या चवदार तळ्यावर कोण गेलं? कुणी जाऊ शकलं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला, आणि त्याबद्दल मारही खाल्ला, पुढे कोर्टकचेरी पार 1937 पर्यंत चालली. हेरवाडसारखा ठराव आज तुमच्या गावात झाला, उद्या शेजारच्या घरात दुःखाची घटना घडली, आणि दहाव्याला चार म्हाताऱ्या बांगड्या फोडायला पुढे आल्या, तर तिथं उभं राहून "आपल्या गावात हे बंद केलंय ना" असं कोण म्हणणार? वही काही उठून बोलत नाही. आणि ते पुरुषाने म्हटलं तर जास्त बरं, बायांनाच किती वाईटपणा घ्यायला लावायचा.

असंच वस्त्यांच्या नावांचं. जातीवरून पडलेली वस्त्यांची, रस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची म्हणून. पुष्कळ गावांनी ठराव करून पाट्या बदलल्या. पण रिक्षावाला काय म्हणतो, पोस्टमन काय म्हणतो, लग्नाच्या पत्रिकेवर काय छापतो आपण? तुम्ही-मी पत्ता सांगताना जुनंच नाव घेतो, आणि त्या वस्तीतली पोरगी शाळेत ते ऐकते. इथं अर्ज नको, पोच नको, फक्त तोंडातलं नाव बदलायचं, आणि तेच सगळ्यात अवघड जातं बघा.

मेंढा-लेखाबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याच्यावर एक वेगळा कार्यक्रम करायला पाहिजे. गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं गोंड लोकांचं छोटं गाव. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. 2009 ला त्यांना वनहक्क कायद्याने अठराशे हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 ला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. आपण शिकण्यासारखं म्हणजे त्यांचे अभ्यासगट. आधी विषय बसून समजून घ्यायचा, मग सभेत सगळ्यांच्या संमतीने निर्णय, बहुमताने रेटून नाही. आपल्याकडे विषयच सभेत पहिल्यांदा कळतो आणि मग नुसता गोंधळ.

शहरातले श्रोते म्हणतील आम्हाला कुठं ग्रामसभा. खरंय, तुमचं जरा अवघड आहे, मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासकच होता. तरी पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपल्या भागातलं काम सुचवता येतं, ते तरी करा. आणि पोरं शाळेत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, निम्म्या महिला. तिथली वही पण वाचून दाखवा म्हणा.

आणि वही दाखवत नाहीत तर? माहिती अधिकार आहे की. 2005 चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, 30 दिवसांत उत्तर, नाही दिलं तर पहिलं अपील. "काम का केलं नाही" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगची प्रत द्या, अमुक कामाच्या बिलाची प्रत द्या, असं कागदाचं नाव घेऊन मागा. आणि स्थानिक ऑफिसात सोमवारी दुपारी 3 ते 5 कागद बघू द्यायचे असा शासन निर्णय 2018 पासून आहे, आधी जाऊन बघून घ्या काय काय आहे, मग मागा.

लोक मला एकच विचारतात, बोललो तर गावात वाकडं येतं हो, त्याचं काय. येतं. खोटं कशाला सांगू. पाण्याची पाळी चुकते, दाखल्याला चकरा मारायला लागतात. म्हणून एकट्याने जाऊ नका आणि पहिलाच विषय कुणाच्या बिलाचा काढू नका. पाच-सात जण मिळून, निम्म्या बाया आणि सगळ्या आळ्यांतली माणसं घेऊन, एका दिव्याच्या खांबाचा नाहीतर अंगणवाडीच्या नळाचा अर्ज द्या. एकदा जमलं की मग मोठ्या विषयाला हात घाला.

वेळ संपत आलीये, तर जवळ कागद-पेन असेल तर अर्जच सांगतो, घ्या लिहून. प्रति, माननीय सरपंच, ग्रामपंचायत आणि गावाचं नाव. विषय, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय घेणेबाबत. महोदया, अगर महोदय. आम्ही खाली सह्या करणारे ग्रामसभेचे सभासद असून आमच्या वस्तीतील, इथं कामाचं नाव, हा विषय येत्या ग्रामसभेत चर्चेस घेऊन त्यावर ठराव व्हावा, आणि सभेच्या शेवटी तो वाचून दाखवावा, ही विनंती. खाली नावं, सह्या, तारीख. दोन प्रती काढा. नमस्कार.