वाइड-अँगल झूम लेन्स: नवी घ्यावी की वापरलेली?

नमस्कार. मी सोलापूरहून बोलत आहे. संक्रांत जवळ आली की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो: कमी पैशांत वाइड-अँगल झूम, म्हणजे रुंद कोन टिपणारी लेन्स, घ्यायची आहे, तर नवी घेऊ की वापरलेली? प्रश्न याच दिवसांत का येतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेठेतल्या अरुंद रस्त्यातून निघतात, तेव्हा खाली बाराबंदी हा पारंपरिक पोशाख घातलेले मानकरी आणि वर ध्वजाचे टोक हे दोन्ही एका चौकटीत घ्यायचे म्हटले, तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या 18-55 च्या किट लेन्सने भागत नाही. मागे सरकायला जागा नसते आणि मागून गर्दी पुढे ढकलत असते.

प्राथमिक माहिती पटकन सांगतो, कारण ती बहुतेकांना आहे. कॅननच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर 18 मिमीला कर्णाच्या दिशेने सुमारे 74 अंश दिसतात, तर 10 मिमीला सुमारे 107 अंश. स्वस्तातल्या लेन्स ठरलेल्याच आहेत. कॅननची 2014 साली आलेली ईएफ-एस 10-18 वजनाला 240 ग्रॅम आहे आणि तिला 67 मिमीचा फिल्टर लागतो. निकॉनची एएफ-पी डीएक्स 10-20 ही 2017 सालची. त्याआधीच्या कॅनन 10-22, सिग्मा 10-20 आणि टोकिना 11-16 या आता प्रामुख्याने वापरलेल्याच मिळतात. मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, गेलेले लोक डीएसएलआरच्या लेन्स विकायला काढत असल्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझे मत स्पष्ट आहे: पैसे मोजण्याआधी चारही कोपऱ्यांची चाचणी करता येत असेल, तर वापरलेली लेन्स निःशंकपणे घ्यावी. ती करता येत नसेल, विकणारा परगावी असेल किंवा लेन्स कुरिअरने येणार असून परत घेण्याची हमी नसेल, तर थोडे थांबून पैसे साठवावेत आणि नवी लेन्स बिलासह घ्यावी.

इतका आग्रह का, ते सांगतो. कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सर 44 मिमी मागे असतो आणि मधल्या जागेत आरसा हलतो. 10 मिमीची लेन्स सेन्सरच्या तितक्या जवळ नेणे शक्य नसल्यामुळे पुढे बाहेरून फुगीर व आतून खोलगट अशा मोठ्या काचा बसवून प्रकाश आधी फाकवावा लागतो आणि मागच्या काचांनी तो पुन्हा एकत्र आणावा लागतो. कॅननच्या 10-18 मध्ये अशा 14 काचा 11 गटांत बसवलेल्या आहेत. प्रकाश इतका वळवला जात असताना एखादी काच केसभर जरी सरकली किंवा कलली, तरी चित्राची एक बाजू मऊ पडते. यालाच डिसेंटरिंग म्हणतात. लेन्स एकदा हातातून पडली, तर बाहेर ओरखडाही न दिसता हा दोष आत निर्माण होऊ शकतो. फंगस (काचेवरची बुरशी) टॉर्चने दिसते, ओरखडा नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण कललेली काच फक्त फोटोत दिसते.

म्हणूनच ‘नो फंगस, नो स्क्रॅच, फक्त दोन-चार वेळा वापरलेली’ अशा जाहिरातीवर भिस्त ठेवून पैसे पाठवणाऱ्यांविषयी मला कळकळीने बोलावेसे वाटते. अशा जाहिरातीतले शब्द न् शब्द खरे असूनही लेन्स सदोष असू शकते.

चाचणी अशी करावी. गच्चीवर जा आणि बराच लांबचा, बारीक तपशील असलेला एखादा मोबाईल टॉवर निवडा. ही चाचणी सकाळीच करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या हवेमुळे दूरचे सगळेच थरथरताना दिसते आणि चांगली लेन्सही नापास ठरते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, झूम 10 मिमीवर आणि ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) पूर्ण उघडे, म्हणजे 10-18 वर एफ 4.5, ठेवा. टॉवर मध्यभागी घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून फोकस करा आणि मग मॅन्युअल फोकस निवडा. निकॉनच्या 10-20 वर त्यासाठी बटणच नाही, ते मेनूतून करावे लागते. यानंतर फोकसच्या रिंगला हात लावू नका आणि कॅमेरा बंदही करू नका. आता तोच टॉवर वरच्या डाव्या, वरच्या उजव्या, खालच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात आणून प्रत्येकी एक फोटो घ्या. लॅपटॉपवर चारही फोटो शंभर टक्के मोठे करून टॉवरच्या आडव्या पट्ट्या पाहा.

इथे नेमके काय पाहायचे, यातच घोटाळा होतो. कोपऱ्याची तुलना मध्यभागाशी करू नका. स्वस्तातल्या वाइड झूमचे कोपरे मध्यापेक्षा मऊ असणारच, ती तिच्या रचनेची मर्यादा आहे. तुलना कोपऱ्याची कोपऱ्याशी करा. चारही सारखेच मऊ असतील तर लेन्स निर्दोष आहे. तीन स्वच्छ आणि एक पुसट असेल, तर ॲपर्चर लहान करून एफ 8 वर पुन्हा चार फोटो घ्या. तिथेही तो कोपरा मागेच राहिला, तर किंमत कितीही उतरवून मिळत असली तरी ती लेन्स घेऊ नका. संशय बॉडीवर असेल, तर आपली नेहमीची किट लेन्स लावून हेच करून पाहा.

बरेच प्रेक्षक मला विटांच्या भिंतीचे फोटो पाठवून विचारतात की उजवी बाजू मऊ आहे, लेन्स परत करू का. भिंत मी मुद्दाम सांगत नाही. 10 मिमीला भिंतीजवळ उभे असताना कॅमेरा किंचित जरी तिरका झाला, तरी एक बाजू जवळ आणि दुसरी लांब जाते, आणि लेन्सचा काहीही दोष नसताना एक कड बिघडलेली दिसते. लांबच्या टॉवरच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही.

विकणाऱ्याने पाठवलेल्या नमुना फोटोंचेही तसेच आहे. तलावातल्या सिद्धेश्वर मंदिराचा फोटो सुरेख येतो, पण त्यात वरच्या कोपऱ्यांत आकाश असते आणि खालच्या कोपऱ्यांत पाणी. दोष असला तरी तो दिसायला तिथे तपशीलच नसतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत मात्र तो लपत नाही. एका परिचितांच्या वापरलेल्या लेन्सवरचे असे फोटो मी पाहिले आहेत. उजव्या टोकाच्या मावशींच्या इरकलीच्या काठावरची नक्षी मोजता येत होती आणि डाव्या टोकाच्या मावशींचा काठ नुसता लाल पट्टा झाला होता. दुसऱ्या फोटोत माणसे बदलली, तरी डावे टोक तसेच राहिले. टोकाचे चेहरे ताणलेले दिसणे हा मात्र दोष नव्हे, तो रुंद कोनाचा स्वाभाविक परिणाम आहे. ताणलेले आणि पुसट यांतला फरक ओळखायला शिका.

बाकी तपासणी सोपी आहे. काचेतून टॉर्च मारा. आतले धुळीचे चार कण फोटोत येत नाहीत, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस आहे. आपली हवा कोरडी असली, तरी लेन्स मुंबई-कोकणातून आलेली असू शकते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलकट चमक नाही ना, तेही पाहा, कारण उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या लेन्समधले ग्रीस पातळ होऊन पात्यांवर पसरते. बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवून घ्या. 10-18 च्या प्लॅस्टिक माउंटबद्दल फार कमेंट येतात. 240 ग्रॅमच्या लेन्सला ते पुरेसे आहे.

निकॉनवाल्यांनी लेन्सच्या आधी आपली बॉडी पाहावी. एएफ-पी 10-20 ही डी3100, डी3200, डी5100, डी7000 आणि डी90 यांवर फोकसच होत नाही, मॅन्युअलसुद्धा नाही, कारण तिची रिंग विजेवर चालते. टोकिना 11-16 च्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत मोटर नाही, त्यामुळे बॉडीतही मोटर नसलेल्या डी3000 आणि डी5000 मालिकांवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. तिथे दुसरी आवृत्तीच मागा. ‘टोकिना स्वस्तात मिळाली, पण फोकस होत नाही’ अशा कमेंट बहुधा याच कारणाने येतात.

यात्रेसाठीच घेत असाल, तर वापरलेल्या टोकिनाकडे माझा कल आहे. रात्रीच्या मिरवणुकीत माणसे चालत असतात. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करते, चालणाऱ्या माणसाला थांबवत नाही. एफ 4.5 ऐवजी टोकिनाचे एफ 2.8 मिळाले, तर सव्वा स्टॉपहून जास्त, म्हणजे सुमारे अडीचपट, प्रकाश हाती येतो आणि तितका शटर वेगात वापरता येतो. दिवसा किल्ले, वाडे आणि घरांच्या खोल्या टिपायच्या असतील, तर 10-18 भरपूर झाली. कॅननचा आर50 किंवा आर10 हा मिररलेस कॅमेरा असेल, तर 2023 सालची 150 ग्रॅमची आरएफ-एस 10-18 नवीच घ्या. वापरलेलीच्या किमतीत मोठा फरक मिळत नसेल, तर वॉरंटी सोडण्यात अर्थ नाही.

चाचणीचे फोटो मला अवश्य पाठवा, मी पाहून उत्तर देतो. मात्र चारही कोपऱ्यांचे फोटो मूळ आकारात हवेत. व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटून चारही कोपरे एकसारखेच दिसतील आणि मला काहीच सांगता येणार नाही.