जाळी का काढली?

[साकीनाका. गाळ्याचं शटर वर जातं.]

साकीनाक्याच्या या गाळ्यात सकाळी साडेआठला चार पॉवर प्रेस सुरू होतात. पत्र्याच्या पट्ट्यांतून बिजागऱ्या, कडीचे भाग, कपाटाचे कोपरे कापून निघतात. कामाला माणसं नऊ.

आज मालकांनी एका जाणत्या सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावलं आहे. त्यांच्या हातात वही, खिशात टॉर्च आणि एक लाकडी पट्टी. आल्या आल्या ते वही उघडत नाहीत. दाराशी उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघतात. कोणाचा हात कुठवर जातो, किती वेळा जातो.

[फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, जवळून.]

या चाकाकडे बघा. मोटर बंद केली तरी ते फिरतंच आहे. या जातीच्या जुन्या प्रेसमध्ये क्लचची चावी, म्हणजे चाकाचा जोर रॅमला जोडणारी खीळ, एकदा गुंतली की रॅम, म्हणजे वरून ठोका मारणारा भाग, पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मध्येच अडवता येत नाही. आणि चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली असेल, तर पेडलवर पाय नसतानाही दुसरा ठोका पडू शकतो. म्हणून साहेब चाक पुरतं थांबू देतात. मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. रॅमखाली ठोकळा देतात. मगच हात आत जातो.

गिरण्यांमधल्या कामाची चौकशी करायला १८७५ साली आयोग नेमला गेला, तो याच मुंबईत. १८८१च्या कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला लावलं, पण शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरतं. १९४८च्या कारखाने अधिनियमात कुंपणाचं कलम २१ आलं, आणि त्यात फ्लायव्हीलचं नाव अगदी सुरुवातीला होतं. विजेवर चालणाऱ्या कारखान्याला हा कायदा लागू व्हायला तेव्हा १० कामगार पुरत. महाराष्ट्रात पुढे तो आकडा २० झाला. नऊ माणसांचा हा गाळा कुठल्याच मापात बसत नाही. प्रेस मात्र तोच, ठोकाही तोच.

[भिंत. खिळा. खिळ्यावर लोखंडी जाळी.]

ही तिसऱ्या प्रेसची जाळी. डायच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याच्या, पुढे असायला हवी. खंडेनवमीला तिलाही झेंडूची माळ घातली होती, ती सुकून अजून तशीच आहे.

साहेब प्रेसवरच्या काकांना विचारतात, "काका, ही कधी काढलीत?"

"गणपतीच्या आधी, साहेब. मोठा जॉब आला, जाळीखालून जाईना."

"आणि तो जॉब संपल्यावर?"

"चार बोल्ट आवळायचे, परत सोडायचे. आमचे पैसे नगावर आहेत, साहेब."

काकांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. ती आधीच्या एका गाळ्यात गेली.

हे उत्तर साहेब शब्दन् शब्द वहीत लिहून घेतात. जाळी तशीच परत बसवली, तर मोठा जॉब आला की ती पुन्हा खिळ्यावर जाणार. ते फिटरला आणि काकांना शेजारी बसवतात, खडूने जमिनीवरच आकृती काढतात. जाळी खाचेत वर-खाली सरकेल, एका फुलपाखरी नटाने जागच्या जागी आवळता येईल. पत्र्याची पट्टी पुढे सरकवायला उताराची पन्हळ, म्हणजे डायजवळ हात न्यायचं कामच उरणार नाही. पन्हळीचा उतार किती हवा, हे काका सांगतात. फिटर त्याप्रमाणे खडूची रेघ पुसून नवी ओढतो.

[पुढचा आठवडा. तोच प्रेस.]

नवी जाळी बसली आहे. प्रेस कुलपात, चाक थांबलेलं. साहेब जाळीच्या फटीतून लाकडी पट्टी आत घालून बघतात, वरून, मग दोन्ही बाजूंनी. पट्टी डायपर्यंत पोचत नाही. वहीतली सहावी ओळ ते खोडतात. सातवी ओळ पेडलवरच्या झाकणाची आहे, वरून एखादा नग पडून ठोका बसू नये म्हणून. ते झाकण अजून वेल्डिंगला गेलेलं आहे. तोवर चौथा प्रेस बंद आहे, आणि त्याच्या स्विचवर कुलूप.